डिजियात्रा: चेहरा दिला की दहा सेकंद वाचतात

विमानतळाच्या दारात जवान तिकीट आणि ओळखपत्र हातात घेतो, नाव जुळवतो, फोटोकडे आणि तोंडाकडे आलटूनपालटून बघतो आणि आत सोडतो. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या हिशेबाने या कामाला माणशी साधारण १५ सेकंद लागत, चेहरा ओळखून प्रवाशाला आत सोडणाऱ्या डिजियात्रा सेवेच्या ई-गेटवर ते ५ सेकंदांत उरकतं. दहा सेकंदांचं काय मोठं, असं वाटेल. पण पहाटे पाचच्या गर्दीत एका दारासमोर ६० माणसं उभी असली, तर साठाव्या माणसाची दहा मिनिटं वाचतात. फायदा आहे तो एवढा, आणि तो खरा आहे.

पुढे सुरक्षा तपासणीला मात्र लॅपटॉप काढा, पट्टा काढा, ट्रे भरा, अंगझडती द्या, हे सगळं जसंच्या तसं. प्रवाशाचा बराच वेळ तिथेच जातो आणि चेहरा ओळखणारा कॅमेरा एक्स-रे यंत्राचा वेग वाढवू शकत नाही. त्यामुळे ‘घरातून अर्धा तास उशिरा निघालं तरी चालेल’ असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

ही सेवा १ डिसेंबर २०२२ला दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसीत सुरू झाली. मार्च २०२३मध्ये पुण्याच्या लोहगाव विमानतळावर आली, त्याच वर्षी मुंबईत, २०२४मध्ये दाबोळीला. सध्या ती देशांतर्गत प्रवासापुरती आहे. चालवणारी संस्था डिजियात्रा फाउंडेशन, २०१९मध्ये कंपनी कायद्याच्या कलम ८खाली, म्हणजे ना-नफा कंपनी म्हणून, स्थापन झालेली. तिच्यात भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के. उरलेले ७४ टक्के दिल्ली, मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद आणि कोची या पाच विमानतळांच्या कंपन्यांत सारखे वाटलेले, म्हणजे प्रत्येकी १४.८ टक्के. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आधी नोंदणी. ॲप उतरवायचं, मोबाइल नंबर टाकून ओटीपी द्यायचा, डिजिलॉकरमार्फत आधार जोडायचं, सेल्फी काढायची. सेल्फी आधारवरच्या फोटोशी जुळली की तुमचं ओळखीचं प्रमाणपत्र फोनमध्ये तयार होतं. मग दर प्रवासाला वेब चेक-इन करून बोर्डिंग पास ॲपमध्ये टाकायचा आणि तो विमानतळाला पाठवायचा. विमानतळावर पहिल्या दारात पासवरचा बारकोड स्कॅनरवर धरायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं, झडप उघडते. सुरक्षा तपासणीच्या दाराशी पुन्हा एकदा चेहरा.

कागदावर पाच मिनिटांचं काम. अडतं ते बहुतेक वेळा तीन ठिकाणी.

पहिली अडचण आधारला जोडलेल्या मोबाइलची. ओटीपी त्या नंबरवर जातो. नंबर कधीचाच बंद पडलेला असेल किंवा घरातल्या ज्येष्ठांच्या आधारला मुलाचाच नंबर दिलेला असेल, तर गाडं तिथेच थांबतं. विमानतळाच्या दारात उभं राहून ते सोडवता येत नाही, आधार केंद्रावर जावंच लागतं.

दुसरी फोटोची. बारा वर्षांपूर्वी शाळेच्या वर्गात घाईघाईने काढलेला आधारचा फोटो आणि आजचा चेहरा यांत अंतर पडलेलं असतं. दाढी, टक्कल, चष्मा, वजन यांतली एकेक गोष्ट यंत्र पचवतं, सगळ्या एकदम आल्या की नाही. सेल्फी तीनदा नाकारली गेली तर आधी उजेड तपासा: खिडकीकडे पाठ करून उभं राहिलं की चेहरा काळवंडतो, खिडकीकडे तोंड करा. तरीही जमलं नाही तर आधारचा फोटो बदलून घेणं हाच उपाय. तो घरबसल्या ऑनलाइन बदलता येत नाही. केंद्रावरच्या बायोमेट्रिक दुरुस्तीला १ ऑक्टोबर २०२५पासून १२५ रुपये शुल्क आहे.

तिसरी अडचण खास आपल्याकडची, नावाची. आधारवर ‘सुनीता रमेश पाटील’, तिकिटावर ‘सुनीता पाटील’. किंवा आधारवर माहेरचं नाव आणि तिकीट नवऱ्याने काढलेलं, त्यावर सासरचं. किंवा स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे. दारातला जवान हे बघतो, फोटो बघतो आणि सोडून देतो, कारण मधलं नाव म्हणजे काय हे त्याला कळतं. ॲपला कळत नाही. पासवरचं आणि आधारवरचं नाव जुळलं नाही तर पास घेतला जात नाही. तिकीट काढतानाच आधार समोर ठेवून नाव टाकलं तर हा त्रास टळतो. एकाच बुकिंगवर चौघांचे पास एका पीडीएफमध्ये येतात, तेव्हा आपल्याच नावाचं पान टाकलंय ना हेही बघा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या स्क्रीनशॉटवरचा बारकोड पुसट होतो, तेव्हा विमान कंपनीकडून आलेली मूळ फाइलच वापरा. काउंटरवर सीट बदलून घेतली तर नवा पास पुन्हा टाकायचा. फोन बदलला तर नोंदणी पहिल्यापासून, कारण प्रमाणपत्र फोनमध्येच असतं.

प्रमाणपत्र फोनमध्येच असणं हा त्रास वाटतो, पण सेवेची सगळ्यात चांगली बाजू तीच आहे. करोडो चेहऱ्यांचा एक मोठा साठा कुठल्यातरी सर्व्हरवर करून ठेवण्याऐवजी चेहऱ्याची माहिती ज्याच्या-त्याच्या फोनमध्ये सांकेतिक रूपात ठेवायची, प्रवासापुरती विमानतळाला द्यायची आणि विमान उडाल्यावर २४ तासांत विमानतळाने ती पुसायची, अशी ही रचना आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. चेहरा फुटला तर काय बदलणार? म्हणून साठाच न करणं हा सगळ्यात पक्का बंदोबस्त. युरोपच्या माहिती संरक्षण मंडळाने मे २०२४मध्ये विमानतळांवरच्या चेहरा ओळखीबद्दल जे मत दिलं त्याचं सूत्रही हेच होतं: साठा प्रवाशाच्या हातात असावा, किंवा साठा दुसरीकडे असलाच तर त्याची किल्ली फक्त प्रवाशाच्या हातात. डिजियात्रेची फोनची बाजू या कसोटीला बरीच उतरते. विमानतळाच्या बाजूला जी २४ तासांची प्रत राहते तिथे प्रश्न सुरू होतात.

त्याआधी जुळणीबद्दल थोडं, कारण ‘कॅमेऱ्याने ओळखलं’ या शब्दांत बरंच झाकलं जातं. दोन फोटो कधीच शंभर टक्के जुळत नाहीत. यंत्र साम्याला एक गुण देतं आणि कुणीतरी ठरवून दिलेली एक रेघ असते, गुण तिच्या वर गेला तर ‘तोच माणूस’. रेघ खाली आणली की झडप पटापट उघडते, पण भलत्याला आत घेण्याचा धोका वाढतो. वर नेली की खऱ्या माणसालाही परत पाठवलं जातं. रेघ कुठे ओढायची हा गणिताचा प्रश्न नाही, तो कामावर अवलंबून असतो. माहिती अधिकारात २०२२मध्ये मिळालेल्या उत्तरानुसार दिल्ली पोलीस ८० टक्क्यांच्या वरचं साम्य जुळणी मानत होते. तिथे चूक झाली तर निरपराध माणूस संशयित ठरतो. विमानतळाच्या दारात चूक झाली तर शेजारच्या जवानाकडे जाऊन ओळखपत्र दाखवावं लागतं, बस.

चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत हेही आता जुनं झालं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन संस्थेने डिसेंबर २०१९मध्ये ९९ उत्पादकांच्या १८९ प्रणाली तपासल्या. भलत्या माणसाशी जुळवण्याच्या चुका बऱ्याच प्रणालींत आशियाई आणि आफ्रिकी चेहऱ्यांच्या बाबतीत गोऱ्यांपेक्षा १० ते १०० पट जास्त निघाल्या. बायकांच्या बाबतीत पुरुषांपेक्षा जास्त, वृद्ध आणि लहान मुलांच्या बाबतीतही जास्त. पण चीनमध्ये घडवलेल्या काही प्रणालींत पूर्व आशियाई चेहऱ्यांवरचा हा फरक दिसला नाही. म्हणजे दोष चेहऱ्याचा नसतो, यंत्राला कोणाचे फोटो दाखवून शिकवलं याचा असतो. म्हणून डिजियात्रेकडून प्रवाशाला एक साधा तक्ता हवा: कुठल्या विमानतळावर किती चेहरे नाकारले गेले, त्यांत बायका किती, साठीच्या पुढचे किती. एवढा तक्ता नसेल तर ‘अचूक आहे’ हे वाक्य जाहिरातीतलं.

आता कळीचा मुद्दा. ही सेवा ऐच्छिक आहे. धोरणात तसं आहे, मंत्र्यांनी तसं सांगितलं आहे. नीती आयोगाने नोव्हेंबर २०२२मध्ये जबाबदार कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या आपल्या टिपणात डिजियात्रेचंच उदाहरण घेऊन बजावलं होतं की ती सक्तीची केली तर खासगीपणाचा हक्क मान्य करणाऱ्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालातल्या कसोट्यांना उतरावं लागेल: कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि हेतूच्या मानाने बेताचाच उपाय. तेव्हा सक्ती कोणी करत नाही. पण ऐच्छिकपणा मोजायचा असेल तर ॲपमध्ये बघू नका, दुसऱ्या रांगेत उभे राहा.

दुसरी रांग म्हणजे ओळखपत्रवाल्यांची. टर्मिनलला सहा दारं असतील आणि त्यातली चार डिजियात्रेला देऊन टाकली, तर उरलेल्या दोन दारांपुढची रांग आपोआप लांबते. मग तिला वैतागून माणूस ॲप उतरवतो, आणि ‘बघा, लोक स्वखुशीने येताहेत’ असा आकडा तयार होतो. कुणी कुणावर जबरदस्ती केलेली नसते. फक्त नकाराची किंमत वाढवलेली असते. दारांची वाटणी कोण करतं? विमानतळाची कंपनी. आणि फाउंडेशनचे भागीदार कोण, ते वर लिहिलंच आहे. दाराशी माणसं कमी लागली, गर्दी लवकर आत गेली, दुकानांसमोर प्रवासी जास्त वेळ रेंगाळला, यात विमानतळाचा फायदा असतो. फायदा असण्यात गैर काही नाही. पण ज्याचा फायदा आहे त्यानेच दुसऱ्या रांगेची लांबी ठरवायची, हे गैर आहे. दोन्ही रांगांचा सरासरी वेळ दारावरच्या पडद्यावर शेजारी शेजारी दाखवा आणि ओळखपत्राच्या रांगेचा वेळ ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की एक ई-गेट तिकडे वळवा. तंत्राच्या दृष्टीने हे फारच सोपं आहे, माणसं मोजणारे कॅमेरे विमानतळांवर आधीपासून आहेत.

२०२३च्या अखेरीस याहून पुढची तक्रार आली. काही विमानतळांवर दाराशी उभे असलेले कर्मचारी प्रवाशाचा बोर्डिंग पास घेत, ‘इकडे बघा’ म्हणत आणि फोटो काढून तिथल्या तिथे नोंदणी करून टाकत. काय चाललंय हे बऱ्याच जणांना कळतही नसे, त्यांना वाटे सुरक्षेचाच भाग असेल. संसदेतल्या विरोधकांनी आणि इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनसारख्या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी त्यावर आवाज उठवला, सरकारने सेवा ऐच्छिकच असल्याचं पुन्हा सांगितलं. चूक कुठे झाली ते नीट बघण्यासारखं आहे. फोनमध्ये साठा ठेवायचा, संमती ॲपमध्ये घ्यायची, ही सगळी तटबंदी प्रवासी स्वतः ॲप वापरतो असं धरून बांधलेली. दाराशी टॅबलेट धरलेला माणूस आला की ती तटबंदी बाजूलाच राहते. गणवेशातल्या माणसाने ‘इकडे बघा’ म्हटल्यावर आपल्याकडे कोण विचारतो, ‘कशासाठी?’

आणि २४ तासांची प्रत. पुसली जाते असं सांगतात, पण पुसली गेल्याची पावती प्रवाशाला मिळत नाही. ॲप काढून टाकलं की फोनमधलं जातं, विमानतळाकडचं त्या नियमाच्या भरवशावर. नियमालाही दारं आहेत. डिजियात्रेच्या धोरणाच्या मसुद्यात दोन तरतुदी होत्या: सुरक्षेच्या गरजेनुसार माहिती पुसण्याची मुदत बदलण्याची सोय यंत्रणेत असावी, आणि सुरक्षा यंत्रणा किंवा इतर सरकारी संस्थांना प्रचलित पद्धतीनुसार प्रवाशांची माहिती देता यावी. टॅक्सी आणि तत्सम व्यावसायिक सेवांना संमतीने माहिती देण्याचाही विचार त्यात होता. ॲपमध्ये असला एखादा संमतीचा चौकोन दिसला तर तो रिकामा सोडा, विमान त्यावाचून उडतं.

डिसेंबर २०२४मध्ये बातमी पसरली की प्राप्तिकर खातं करचुकवे शोधायला डिजियात्रेची माहिती वापरणार. खात्याने आणि मंत्रालयाने लगेच इन्कार केला, आणि तो खोटा मानायला आधार नाही. मुद्दा असा की बातमी वाचून लोकांना ती शक्य वाटली. ‘या माहितीचा दुसऱ्या कामाला वापर केला तर अमुक शिक्षा’ असं वाक्य डिजियात्रेपुरत्या कुठल्या कायद्यात दाखवता आलं असतं, तर अफवा तासाभरात मेली असती. आणि फाउंडेशन माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाही अशी भूमिका घेतली गेली आहे. २६ टक्के सरकारी, ७४ टक्के कंपन्यांचं, असं ते गणित इथे कामी येतं. धोरण सरकारचं, दारात जवान सरकारचा, आधार सरकारचं; प्रश्न विचारायला गेलं की संस्था खासगी.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढे १८ महिने दिलेले आहेत. त्यातली तीन कलमं इथे उपयोगी. संमती मुक्त, नेमकी, माहितीपूर्वक, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणं सोपं हवं. आणि संमतीची सूचना इंग्रजीबरोबर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचता आली पाहिजे, त्यात मराठी आली. दाराशी फोटो काढून केलेली नोंदणी यातल्या पहिल्याच शब्दावर गडगडते. याच कायद्यात सरकार आपल्या संस्थांना सूट देऊ शकतं अशीही तरतूद आहे, तेव्हा फार निर्धास्त होऊ नये.

मग वापरावी का? महिन्यातून चार वेळा पुणे–दिल्ली करणाऱ्या, आधारला आपलाच मोबाइल जोडलेल्या माणसाला वापरायला हरकत नाही. नोंदणी घरी करा, घाईत दाराशी नाही. बोर्डिंग पासची छापील प्रत आणि एक ओळखपत्र खिशात ठेवा, कारण यंत्र बंद पडलं की शेवटी जवानच विचारतो. वर्षातून एकदा गावाला जाणाऱ्यांनी, लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असणाऱ्यांनी ओळखपत्राची रांग धरावी. चौघांतल्या दोघांचं जुळणार, दोघांचं नाही, आणि सगळे दाराच्या दोन बाजूंना उभे राहणार, असा प्रकार होतो. फोनमध्ये डिजिलॉकर असेल तर त्यातलं आधार किंवा वाहन परवाना दाखवूनही आत जाता येतं, त्याला चेहऱ्याची जुळणी लागत नाही.

विमानतळावर ओळखपत्राची रांग अजून शाबूत आहे. सगळीकडे तशी नाही. अंगणवाडीतून मिळणाऱ्या टेक होम रेशनसाठी १ जुलै २०२५पासून पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर चेहरा जुळवणं सक्तीचं झालं. तिथे कॅमेऱ्याने नाही म्हटलं तर शेजारी ओळखपत्र बघणारा जवान उभा नसतो, आणि जाणारी वस्तू दहा सेकंद नसते, बाळंतिणीच्या घरचा शिधा असतो. तंत्र जवळपास तेच, चुकीची किंमत वेगळी. विमानतळावरच्या सोयीकडे बोट दाखवून तिकडची सक्ती पटवायला कोणी आलं तर हा फरक डोळ्यासमोर ठेवावा.

दाराशी कुणी विचारल्याशिवाय कॅमेरा समोर धरला तर एवढंच म्हणावं, ‘मला डिजियात्रा नको, ओळखपत्र दाखवतो.’ जास्त वाद घालायची गरज नसते. तरीही फोटो काढलाच, तर विमानतळ, दाराचा क्रमांक, तारीख आणि वेळ लगेच फोनमध्ये लिहून ठेवा. मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा, तीच डिजियात्रेच्या ॲपमधल्या मदत विभागालाही पाठवा, आणि नोंद पुसल्याची लेखी खात्री मागा. हे त्याच आठवड्यात करा. सीसीटीव्हीचं चित्रण कायम ठेवलेलं नसतं, आणि ते गेलं की तुम्ही नको म्हटल्याचा पुरावाही गेला.